गणितातल्या तीव्र अडचणीचे मूळ कसे शोधावे

५२ वजा २७ हे एकच उदाहरण चार मुलांना दिले आणि चौघांनीही ३५ हे उत्तर लिहिले, तर चार वह्यांवर चार सारख्याच फुल्या पडतात. चुकीचे कारण मात्र चौघांचे वेगळे असू शकते. पहिला मुलगा प्रत्येक स्तंभात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो: सातातून दोन गेले, उरले पाच, पाचातून दोन गेले, उरले तीन. दुसरा दशक उसना घेऊन बारातून सात वजा करतो, पण उसना दिल्यावर पाचाचे चार करायला विसरतो. तिसरी मुलगी बोटांवर पुढे मोजत जाते. 'सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस' असे म्हणत ती तीन बोटे उघडते, म्हणजे जिथून सुरुवात करायची ते सत्तावीसही मोजते, त्यामुळे वीसाचे तीस होतात आणि त्यांत वरचे पाच मिळवून ती पस्तीस लिहिते. चौथ्याने मनात उत्तर अगदी बरोबर काढलेले असते, परंतु 'पंचवीस' आणि 'पस्तीस' या दोन नावांत त्याची गल्लत होते. पहिल्याला स्थानिक किंमत उमगलेली नाही. दुसऱ्याला ती उमगली आहे, पण पायऱ्या ध्यानात राहत नाहीत. तिसरीची मोजणीच कच्ची आहे आणि चौथ्याला संख्यांची नावे नडली आहेत. चौघांनाही वजाबाकीची आणखी पन्नास उदाहरणे सोडवायला बसवले, तर बहुधा एकालाही फारसा उपयोग होणार नाही.

म्हणून कारण शोधायचे असेल तर उत्तराकडे कमी आणि उत्तरापर्यंत मूल कसे पोहोचले याकडे जास्त पाहावे लागते. खाली दिलेली पद्धत पालकांना, शिक्षकांना आणि स्वतःच आयुष्यभर आकड्यांशी झगडत आलेल्या प्रौढांना उपयोगी पडावी अशा बेताने मांडली आहे. तिने अंतिम निदान होत नाही. ते तज्ज्ञांचे काम आहे. परंतु तज्ज्ञांकडे जाताना 'गणित जमत नाही' एवढेच एक वाक्य घेऊन जाणे आणि 'बेरीज जमते, उलटी मोजणी जमत नाही, चार ठिपके मोजल्याशिवाय ओळखता येत नाहीत' असे सांगता येणे यांत फार मोठा फरक आहे.

अडचण तीव्र केव्हा मानावी

एखाद्या परीक्षेत नापास होणे किंवा अपूर्णांकांपाशी अडखळणे ही तीव्र अडचण नव्हे. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत गणिताशी निगडित अध्ययन अक्षमतेसाठी चार गोष्टी पाहिल्या जातात: संख्येची जाण, गणिती तथ्यांचे पाठांतर, आकडेमोडीतील अचूकपणा व सहजता, आणि गणिती तर्क. नेमकी मदत मिळूनही अडचण किमान सहा महिने टिकून राहिली पाहिजे, अशीही अट तेथे आहे. ही अट अनेकदा दुर्लक्षिली जाते, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची तीच आहे. मदतच मिळालेली नसेल, तर मूल शिकू शकत नाही असे म्हणायला आपल्याला काहीच आधार नसतो.

विकासात्मक डिस्कॅल्क्युलिया, म्हणजेच जन्मतः असलेली गणन अक्षमता, ही संकल्पना स्लोव्हाक मानसशास्त्रज्ञ लादिस्लाव्ह कोश यांनी १९७४ मध्ये सविस्तर मांडली. ब्रातिस्लाव्हातील शाळकरी मुलांच्या पाहणीत त्यांना सुमारे ६.४ टक्के मुलांत ती आढळली. नंतरच्या बहुतेक अभ्यासांतील आकडे ३ ते ७ टक्क्यांच्या दरम्यान आहेत, म्हणजे तीस मुलांच्या वर्गात साधारण एक किंवा दोन मुले. मुलगे आणि मुली यांच्या प्रमाणात फारसा फरक आढळत नाही. बुद्धिमत्तेशीही याचा थेट संबंध नाही. उत्तम वाचणारी, नेमके बोलणारी आणि सुरेख चित्रे काढणारी मुले यांत असतात, आणि नेमके याच कारणाने त्यांच्यावर आळशीपणाचा शिक्का लवकर बसतो.

आधी मुलाच्या बाहेरची कारणे तपासावीत

शोधाचा क्रम बाहेरून आत असावा. बाहेरची कारणे तपासायला सोपी असतात, त्यांतील बरीचशी दूरही करता येतात, आणि ती तपासायची राहून गेली तर मुलाला नाहक एखादे लेबल चिकटते.

सुरुवात नजर आणि श्रवण यांपासून करावी. फळ्यावरचे ३ आणि ८ धूसर दिसणाऱ्या मुलाची आकडेमोड बिघडणारच. ज्याला एका कानाने कमी ऐकू येते त्याला 'त्रेसष्ट' आणि 'त्र्याहत्तर' यांतला फरक गोंगाटात कळत नाही. लिपीही आपल्या परीने भर घालते: देवनागरीत ३ आणि ६ हे जवळपास एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब आहेत, तर १ आणि ९ घाईत लिहिले की सारखेच दिसू लागतात. सहा-सात वर्षांच्या वयापर्यंत अंक उलटे लिहिणे अगदी सामान्य आहे आणि केवळ तेवढ्यावरून गणन अक्षमतेचा संशय घेऊ नये.

त्यानंतर शिक्षणातील खंड पाहावा. गणिताची रचना जिन्यासारखी असल्यामुळे मधली एक पायरी निसटली की वरच्या सगळ्या डळमळतात. दीर्घ आजारपण, शाळा बदलणे, शिकण्याची भाषा बदलणे, किंवा वर्षभर केवळ पाठांतरावर भर देणारे अध्यापन यांमुळे जी पोकळी राहते, ती बाहेरून हुबेहूब अक्षमतेसारखी दिसते. दोहोंतला भेद ओळखण्याची कसोटी साधी आहे. निसटलेली पायरी शोधून ती मणी, काड्या किंवा ठोकळे यांच्या साहाय्याने रोज थोडा वेळ असे तीन-चार आठवडे शिकवावी. केवळ खंड पडलेला असेल तर मूल झपाट्याने वर येते, आणि एक पायरी सापडली की पुढच्या दोन स्वतःच चढते. मूळ जाणच अधू असेल तर आज पक्के झालेले परवा पुसलेले असते, आणि एका प्रकारच्या उदाहरणात शिकलेले दुसऱ्यात वापरता येत नाही.

संख्यांच्या नावांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण मराठीत शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे कारण सहज नजरेआड होते. चिनी भाषेत बारा म्हणजे 'दहा-दोन' आणि बावीस म्हणजे 'दोन-दहा-दोन'. नावातच दशकांची रचना ऐकू येते. मराठीत जर्मन आणि डच भाषांप्रमाणे एकक आधी व दशक नंतर उच्चारले जाते, लिहिताना मात्र दशक आधी येते. त्यातच जोडध्वनी इतके बदललेले आहेत की शंभरपर्यंतचे जवळजवळ प्रत्येक नाव स्वतंत्रपणे शिकावे लागते. 'एकोणतीस' हे नाव ऐकताच मुलाच्या मनात तीस उमटतात आणि हात ३९ लिहून मोकळा होतो. बरे, 'एकोण'चा नियम एकदा समजला, तर तो नव्व्याण्णवपाशी मोडतो. घड्याळ वाचताना 'पावणेचार' तीच खोडी काढते: नाव चाराचे, वेळ अजून तिनाच्या घरातली.

तपासणी अशी करावी. दहा-दहा मण्यांच्या दोन माळा आणि सुटे नऊ मणी मुलापुढे ठेवून ही संख्या अंकांत लिहायला सांगावी. नंतर 'एकोणतीस' असे तोंडी सांगून तीच लिहायला सांगावी. मणी पाहून २९ बरोबर लिहिणारे, मण्यांचे दोन ढीग पाहून कोणता मोठा हे बरोबर सांगणारे, पण ऐकून लिहिताना चुकणारे मूल नावांशी झगडत आहे, संख्यांशी नाही. अशा मुलासाठी काही काळ 'वीस आणि नऊ' असे फोडून म्हणण्याची सवय लावली की पुष्कळ गुंता सुटतो. मणी समोर असतानाही जे मूल ९२ लिहिते किंवा गोंधळून जाते, त्याच्यासाठी शोध पुढे चालू ठेवावा.

लक्ष, स्मृती, वाचन आणि धास्ती

४७ आणि ३८ यांची तोंडी बेरीज करताना काय घडते ते पाहा. दोन्ही संख्या मनात धरायच्या, सात आणि आठ पंधरा करायचे, पाच बाजूला ठेवायचे, हातचा एक सांभाळायचा, चार आणि तीन सात, हातचा मिळवून आठ, आणि मग बाजूला ठेवलेला पाच हुडकून काढून ८५ म्हणायचे. माहिती क्षणभर धरून ठेवून तिच्यावर काम करणाऱ्या या क्षमतेला कार्यस्मृती म्हणतात. ॲलन बॅडले आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये तिचे जे प्रतिमान मांडले, त्यावर आजही संशोधन चालते. ती तोकडी असेल तर संख्येची समज उत्तम असूनही मूल मध्येच हातचा गमावते. येथे कागदाचा आधार देऊन पाहावा: प्रत्येक पायरी लिहू दिल्यावर चुका एकदम कमी झाल्या, तर संशयाची सुई स्मृतीकडे वळते.

लक्ष न टिकण्याच्या विकारात चुकांना स्थिर रूप नसते. सकाळी बरोबर सोडवलेले उदाहरण संध्याकाळी चुकते, अधिकचे चिन्ह सलग आले की पुढचे वजाचे चिन्ह दिसतच नाही, आणि पानाच्या तळाकडे जाता जाता चुका वाढत जातात. तीच वीस उदाहरणे पाच-पाचच्या चार तुकड्यांत, मध्ये विश्रांती देऊन सोडवून घ्यावीत. फरक पडला तर त्याची नोंद करावी. हा विकार आणि गणन अक्षमता एकाच मुलात असणे मुळीच दुर्मीळ नाही. म्हणून एक कारण सापडले म्हणून दुसऱ्याचा शोध थांबवू नये.

हेच डिस्लेक्सियाविषयी, म्हणजे वाचन अक्षमतेविषयी, खरे आहे. शाब्दिक उदाहरण मुलाला स्वतः वाचायला न लावता मोठ्याने वाचून दाखवावे. ऐकून ते सुटत असेल तर अडथळा वाचनाचा आहे. वाचन अक्षमता असलेल्या अनेक मुलांना पाढेही जड जातात, कारण पाढा हा त्यांच्या दृष्टीने शब्दांचाच एक लांबलचक क्रम असतो. पण 'सात गुणिले आठ' कसे काढता येईल हे त्यांना समजते, आणि सात पंचे पस्तीस आठवून पुढचे तीन सात ती मिळवत नेतात. हा मार्ग ज्याला सुचतो त्याची संख्येची जाण शाबूत आहे असे मानायला हरकत नाही.

गणिताच्या धास्तीचा विषय नाजूक आहे, कारण ती कारणही असते आणि परिणामही. ती मोजण्यासाठीची प्रश्नावली फ्रँक रिचर्डसन आणि रिचर्ड सुइन यांनी १९७२ मध्ये तयार केली. पुढे २००१ मध्ये मार्क ॲशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी दाखवून दिले की धास्ती कार्यस्मृतीतील जागा व्यापते. त्यामुळे हातच्यासारख्या गोष्टींनाच पहिला फटका बसतो, साध्या एकअंकी बेरजांना तितका नाही. तपासणीसाठी घड्याळ काढून ठेवावे, पेन्सिल आणि खोडरबर मुलाच्या हाती द्यावे, 'उत्तर नको, कसे करशील तेवढे सांग' असे म्हणावे आणि आपण जरा बाजूला बसावे. एरवी कोरा कागद देणारी एक मुलगी अशा वेळी भागाकार शेवटपर्यंत नेताना मी पाहिली आहे. 'लक्षच देत नाही' हा शेरा मुलांच्या वह्यांवर सर्वांत जास्त आढळतो आणि कारण शोधताना त्याचा उपयोग सर्वांत कमी होतो.

संख्येची जाणच अधू असते तेव्हा

वरील सर्व कारणे तपासून झाल्यावरही अडचण तशीच राहत असेल, तर मुळाशी जावे लागते. माणसाला संख्येची एक प्राथमिक जाण शाळेच्या कितीतरी आधीपासून असते. कॅरन विन यांनी १९९२ मध्ये पाच महिन्यांच्या बाळांना पडद्यामागे एकामागून एक दोन बाहुल्या ठेवून दाखवल्या आणि पडदा दूर केल्यावर एकच बाहुली दिसेल अशी योजना केली. तेव्हा बाळे त्या 'चुकीच्या' दृश्याकडे अधिक वेळ पाहत राहिली. तीन-चार वस्तू न मोजता एका नजरेत ओळखण्याची क्षमताही अशीच जवळजवळ आपोआप येते. मेंदूच्या मागच्या-वरच्या भागात, पॅरायटल लोबमध्ये, इंट्रापरायटल सल्कस नावाची एक खोल घडी दोन्ही बाजूंना असते. संख्यांची तुलना आणि आकडेमोड करताना हा भाग सक्रिय होतो. लंडनमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, फार अपुऱ्या दिवसांच्या जन्मलेल्या किशोरवयीन मुलांपैकी ज्यांना आकडेमोडीत अडचण होती त्यांच्या डाव्या घडीत करडे द्रव्य कमी आढळले.

नेमके काय अधू असते याविषयी तज्ज्ञांत दोन मते आहेत. ब्रायन बटरवर्थ यांच्यासारखे संशोधक म्हणतात की 'किती' याची जाणच कमकुवत असते. लॉरेन्स रूसेल आणि मारी-पास्काल नोएल यांनी २००७ मध्ये वेगळा मुद्दा मांडला: जाण ठीक असते, पण ७ हे चिन्ह पाहताच त्यामागचे परिमाण मनात जागे होत नाही. घरी किंवा वर्गात हा फरक ढोबळमानाने पाहता येतो. एका जोडकार्डावर पाच आणि आठ ठिपके काढावेत, दुसऱ्यावर ५ आणि ८ हे अंक लिहावेत, आणि दोन्हींत 'जास्त कोणते?' असे विचारावे. ठिपक्यांत झटकन उत्तर देणारे मूल अंकांत थबकत असेल, तर चिन्ह आणि परिमाण यांचा सांधा निखळलेला आहे. दोन्हीकडे थबकत असेल, तर जाणच क्षीण असण्याची शक्यता अधिक.

एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. आठ वर्षांच्या एका मुलापुढे सात बटणे ओळीने मांडली होती. त्याने एकेका बटणावर बोट ठेवून मोजले आणि 'सात' म्हणाला. किती आहेत असे विचारताच त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. त्याच्या देखत बटणे पसरून ठेवली, एकही काढले नाही की घातले नाही. त्याने तिसऱ्यांदा मोजले. या वेळी एक बटण दोनदा मोजले गेल्यामुळे उत्तर आठ आले, आणि आधीचे सात व आताचे आठ यांतील विसंगती त्याला मुळीच खटकली नाही. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये मोजणीची जी पाच तत्त्वे सांगितली, त्यांतील एक असे की मोजताना उच्चारलेली शेवटची संख्या हीच त्या समूहाची संख्या असते. बहुतेक मुलांना हे शाळेत जाण्यापूर्वीच कळलेले असते. या मुलासाठी 'सात' हा एका यादीतला शेवटचा शब्द होता. बटणांच्या संख्येशी त्याचे नाते जुळलेले नव्हते. ज्याच्या बाबतीत हे नाते जुळलेले नाही, त्याला हातचा शिकवण्यात अर्थ नाही.

अशी तपासणी एका बैठकीत पंधरा मिनिटांपेक्षा जास्त लांबवू नये आणि ती परीक्षा वाटू देऊ नये. तीन किंवा चार ठिपक्यांचे कार्ड क्षणभर दाखवून झाकावे आणि मूल संख्या सांगते की झाकलेल्या कार्डाखाली अजून मोजू पाहते ते बघावे. वीसपासून उलटे मोजायला सांगावे. एका कोऱ्या रेषेच्या डाव्या टोकाला ० आणि उजव्या टोकाला १०० लिहून त्यावर ५० कोठे येतील, १० कोठे येतील हे दाखवायला सांगावे. पन्नास अगदी शंभराला चिकटून दाखवणारे मोठे मूल दिसले तर त्याची ठळक नोंद करावी. आठ आणि आठ सोळा हे येत असताना आठ आणि नऊ साठी मूल पुन्हा एकापासून मोजते का, हेही पाहावे. या सर्व वेळी नजर कागदावर न ठेवता मुलाच्या ओठांवर, डोळ्यांवर आणि हातांवर ठेवावी.

बोटांवर मोजणे हा स्वतःत दोष नाही. सगळीच मुले त्या वाटेने जातात. पाहायचे ते एवढेच की चार आणि तीन मिळवताना मूल चाराच्या पुढे 'पाच, सहा, सात' म्हणते, की चार बोटे मोजून, तीन बोटे मोजून, पुन्हा साती बोटे एकापासून मोजते. नऊ-दहा वर्षांच्या वयातही दुसरीच पद्धत चालू असेल तर ती महत्त्वाची खूण आहे. बोटे हिसकावून घेतल्याने, म्हणजे 'हात खाली ठेव' असे दरडावल्याने, मूल पुढच्या पद्धतीकडे जात नाही. ते टेबलाखाली मोजू लागते आणि आपल्याला दिसणारा एकमेव पुरावाही जातो.

कुटुंबाचा आणि जन्माचा इतिहास

नेमके प्रश्न विचारल्याशिवाय हा भाग पुढे येत नाही. आई-वडील, भावंडे, मामा, आत्या यांपैकी कोणाला हिशोबाची आयुष्यभर अडचण होती का, हे विचारावे. अशा मुलांच्या जवळच्या नातलगांत ही अक्षमता इतरांपेक्षा कितीतरी अधिक वेळा आढळते. जुळ्यांच्या १९९७ मधील एका अभ्यासात, एका जुळ्या भावंडाला गणिताची अक्षमता असताना दुसऱ्यालाही ती असण्याचे प्रमाण एकबीज जुळ्यांत ५८ टक्के आणि द्विबीज जुळ्यांत ३९ टक्के होते. अनुवंशाचा वाटा त्यातून दिसतो, आणि एकबीज जुळ्यांतही तो शंभर टक्के नाही हेही दिसते. यामागे कोणताही एकच जनुक नाही.

काही जनुकीय स्थितींत मात्र गणिताची अडचण ठळकपणे दिसते. टर्नर सिंड्रोममध्ये, जो साधारण दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीला असतो, मुलीचे बोलणे-वाचणे चांगले असूनही आकडेमोड आणि दिशाज्ञान कच्चे राहते. फ्रॅजाइल एक्स सिंड्रोम असलेल्या मुलींत आणि बाविसाव्या गुणसूत्राचा छोटा तुकडा नसलेल्या मुलांतही असे आढळते. मुलीची उंची वयाच्या मानाने बरीच कमी असेल किंवा मुलाला जन्मतः हृदयविकार असेल, तर गणिताच्या तक्रारीबरोबर ही माहितीही डॉक्टरांना आवर्जून सांगावी. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्माच्या वेळी फार कमी वजन आणि गर्भारपणात मद्याचा संपर्क यांनीही गणिताच्या अडचणीचा धोका वाढतो. हे प्रश्न आईला विचारताना आवाजात आरोप येणार नाही याची काळजी घ्यावी. आरोपाचा वास आला की माहिती मिळणे तेथेच थांबते.

मोठेपणी उद्भवलेली अडचण

ज्याला आधी हिशोब उत्तम येत होता त्याची ती क्षमता गेली, तर त्या स्थितीला अकॅल्क्युलिया म्हणतात. डिस्कॅल्क्युलियाशी तिची गल्लत करू नये. ऑस्ट्रियन मज्जातज्ज्ञ योसेफ गेर्स्टमान यांनी १९२० च्या दशकात अशा रुग्णांचे वर्णन केले ज्यांना स्वतःची बोटे ओळखता येत नव्हती. पुढे या लक्षणासोबत डावे-उजवे न कळणे, लिहिता न येणे आणि आकडेमोड न जमणे अशी चौकडी त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. मेंदूच्या डाव्या पॅरायटल भागातील इजेशी ती जोडली जाते. बोटांची ओळख आणि संख्या यांचे मेंदूतील शेजारीपण मला नेहमीच विचार करायला लावते.

व्यवहारात नियम असा: हिशोबाची क्षमता अचानक गेली आणि सोबत तोंड वाकडे झाले, हातात बळ राहिले नाही किंवा बोलणे अडखळू लागले, तर तो पक्षाघात असू शकतो आणि तपासण्या करत न बसता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. डोक्याला मार लागल्यानंतर आकडे चुकू लागले तरी डॉक्टरांना दाखवावे. वयस्क माणसाकडून पैशांचे व्यवहार महिनोन्‌महिने हळूहळू बिघडत गेले, तर स्मृतिभ्रंशाची तपासणी करून घ्यावी, कारण अल्झायमर आजारात ही अडचण बरीच लवकर दिसू शकते. याउलट ज्या प्रौढाला शाळेपासूनच घड्याळ, सुटे पैसे, दूरध्वनी क्रमांक आणि गुणसंख्या यांत गोंधळ होत आला आहे, त्याची अडचण बहुधा विकासात्मक असते. अशा व्यक्तीने जुन्या गुणपत्रिका मिळाल्या तर जपून ठेवाव्यात. इतर विषयांच्या तुलनेत गणित सातत्याने खाली असल्याचा तो चांगला पुरावा ठरतो.

नोंदी आणि तज्ज्ञांची भेट

तीन-चार आठवडे एक साधी वही ठेवावी. तिच्यात तारीख, दिलेले उदाहरण, मुलाने लिहिलेले उत्तर आणि 'कसे केलेस?' या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर त्याच्याच शब्दांत लिहावे. खोडलेले खोडलेलेच राहू द्यावे, रबराने पुसू नये. कोणत्या आधाराने फरक पडला, म्हणजे मणी दिल्यावर, मोठ्याने वाचून दाखवल्यावर, घड्याळ काढल्यावर की विश्रांतीनंतर, हे बाजूला टिपावे. दोन आठवड्यांच्या अंतराने तीच दहा उदाहरणे पुन्हा द्यावीत: तीच चूक पुन्हा आली की आकलनाचा प्रश्न आहे, दर वेळी वेगळी चूक आली की लक्षाचा किंवा थकव्याचा.

ही वही घेऊन बालविकासतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांच्याकडे जावे. रक्ततपासणी किंवा मेंदूचे चित्रण करून डिस्कॅल्क्युलियाचे निदान होत नाही. कोणी केवळ त्यावर निदान देत असेल तर सावध राहावे. बुद्धिमापन, वय आणि इयत्तेनुसार प्रमाणित केलेल्या गणिताच्या चाचण्या, वाचन व लक्ष यांची तपासणी आणि शाळेचा अहवाल हे सारे एकत्र पाहून निष्कर्ष काढला जातो. अहवाल हाती आल्यावर दोन प्रश्न जरूर विचारावेत: मूल मोजणीच्या नेमक्या कोणत्या पायरीवर आहे, आणि कोणती कारणे तपासून वगळली गेली आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर तपासणी अपुरी राहिली असे समजावे.

निदानाची वाट पाहत असताना शिकवणे थांबवण्याचे कारण नाही. मूल जेथे खरोखर उभे आहे तेथून, मग ते दहाच्या आतले मणी का असेनात, दिवसाला दहा-पंधरा मिनिटे सुरू करावे. वस्तू, त्यांचे ठिपक्यांतले चित्र आणि अंक ही तिन्ही एकाच वेळी समोर असावीत. वरच्या इयत्तेचे गणित तेवढ्या काळात गणकयंत्र आणि पाढ्यांचा तक्ता हाताशी देऊन चालू ठेवता येते. सहा महिन्यांनी वहीतली पहिल्या आठवड्याची उदाहरणे पुन्हा द्यावीत आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत.